बैठक अकराची

सन २०२२, डिसेंबरची आठ तारीख, गुरुवार. एवढं नेमकं सांगते, कारण त्या दिवसापर्यंत माझी पक्की समजूत होती की वस्तू पारखून घेण्यात वरसे गावातच काय, अख्ख्या रोहा तालुक्यात माझा हात धरणारं कोणी नाही! बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. शाळेला घंटा आणायची तर मालूबाई, फळा आणायचा तर मालूबाई, कुणाच्या घरचा लग्नाचा बस्ता बांधायचा तरी मालूबाई! मी निवडलेली घंटा अजून वाजते. मी निवडलेली लुगडी फाटून तिसऱ्या पिढीच्या गोधडीत गेली, पण रंग सोडला नाही!

म्हणून माझी नात सुरभी त्या सकाळी तोंड पाडून बसली, तेव्हा मी सहज म्हणून गेले, "त्यात काय एवढं? मी आणते!"

काय आणायचं होतं ते सांगते. सांगताना आजही दम लागतो, पण सांगते.

सुरभी नेमबाजी करते. बंदूक छऱ्याचीच, पण जत्रेत फुगे फोडायची नव्हे. नेमाची, दुर्बीण लावलेली. लांबवर लोखंडाच्या वीतभर कोंबड्या, डुकरं, टर्की, मेंढे मांडून ठेवतात आणि ते एकेक करून पाडायचे. माझ्या सासऱ्यांकडे पीक राखायला ठासणीची बंदूक होती. तिला दुर्बीण कुठली? नळीच्या टोकाला पितळेचा एक दाणा असायचा, त्याला माशी म्हणत. त्या माशीवरून बघून सासऱ्यांनी हयातभर रानडुकरांवर बार काढले. एकही डुक्कर पडलं नाही, पण म्हणून घरात कुणाचं तोंडही पडलं नाही!

सुरभीचं मात्र पडलं होतं. रविवारी, अकरा तारखेला, पेणला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. चौघांना घेणार होते. आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, प्रविणने बजावून ठेवलं होतं, "यंदा निवड झाली तर ठीक. नाही झाली तर बंदूक माळ्यावर जाईल आणि तू कंपनीच्या ऑफिसात. मी साहेबांशी बोलून ठेवलंय." प्रविण धाटावला एका कंपनीत फिटर आहे. बोलतो कमी, पण बोलला की पाना घेऊन आवळल्यासारखं!

अडचण अशी, की दुर्बीण बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या कड्या असतात, त्यांना माउंट म्हणतात. सुरभीच्या बंदुकीत दणकट स्प्रिंग. प्रत्येक गोळीला आधी मागे, मग पुढे, असा दुहेरी झटका. त्या झटक्याने जुना माउंट तांदळाच्या दाण्याएवढा मागे सरकायचा. दाणा दाणा करत नेम असा हलायचा की कोंबडीवर धरावा आणि शेजारच्याच्या हद्दीतला मेंढा पडावा! नवा माउंट हवा होता आणि तो पेणला विशालच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळायचा. सुरभी रोह्यात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते, तिला सुट्टी नव्हती. बापाला सांगायची सोय नव्हती. उरले कोण? मी आणि माझे गुडघे.

"आजी, नीट बघून आण हं. मी बसमध्ये असताना तुला सगळी मापं फोनवर सांगते."

तिने मापं कागदावर लिहून दिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रोह्याच्या स्टँडवर पेणची एसटी धरली. शेजारी येऊन बसली आमची शेजारीण बायजाबाई. आमच्या दोघींच्या कुंपणात एक शेवगा. शेंगा तिच्या बाजूला, पानगळ माझ्या बाजूला, चाळीस वर्षं! ती पेणला लेकीकडे चालली होती. मायेची बाई, पण कान असे की नागोठण्याला कुजबुजलेलं वरशाला ऐकू यावं.

नागोठणं मागे पडलं आणि माझा फोन वाजला. आता माझी एक खोड आहे. फोनवर मला कमी ऐकू येतं, म्हणून समोरचं प्रत्येक वाक्य मी मोठ्याने परत म्हणते. शाळेची सवय! मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. शिवाय सुरभीचे प्रशिक्षक, गडबचे काळुराम हवालदार, सगळ्या भागांना मराठी नावं देतात. बंदुकीवरच्या ज्या पट्टीवर माउंट बसतो, तिला ते 'बैठक' म्हणतात. तिची रुंदी अकरा मिलिमीटर. म्हणून 'अकराची बैठक'. आणि दुर्बिणीची नळी तीस मिलिमीटर जाडीची, म्हणून माउंट 'तीसचा'.

तर अख्ख्या एसटीने ऐकलं ते असं:

"हां, बोल सुरभी! ... एकच अखंड हवा. बरं! ... पंचवीसचा नको, लहान पडतो. तीसचाच! ... उंची मध्यम. फार उंच नको, मान वर करावी लागते. बुटकाही नको. ... रंग काळा. काळाच! चमकणारा नको, डोळ्यांना त्रास होतो. ... पकड घट्ट. झटके बसले तरी जागचा हलता कामा नये. ... हो गं, कळलं! आधीचा मागे मागे सरकला, तसा नको! ... आणि बैठक अकराची. लक्षात आहे! अकराची बैठक! ... छे, तुझ्या बापाला कशाला कळू देते?"

फोन ठेवला. एसटीत चिडीचूप. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून माझ्याकडे बघत उभा. इथेच, वाचकहो, माशी शिंकली!

बायजाबाईने माझ्या मांडीवर हात ठेवला. "बाई, सुरभी सोताच सांगत हुती सगळं?"

"तीच सांगणार ना! तिला वापरायचाय."

बायजाबाईने पदर तोंडाला लावला. "काय दिवस आलं गो बाय! ... आन् आदीचा सरकला म्हनालात?"

"एकदा नाही, दर वेळेला! घट्ट आवळून बघितला, कागद कोंबून बघितला. मागेच!"

"कागद? कोर्टाचं कागद?"

"कुठला का असेना, वर्तमानपत्राचा होता."

"पेपरात पन दिलावता?" बायजाबाईचे डोळे पाणावले. "आन् आमच्या कानावर नाय आलं! शेजारी ऱ्हातो का वैरी?"

मला वाटलं, माझ्या नातीच्या खेळाची हिला इतकी काळजी! बरं वाटलं. म्हातारपणी असं कुणी विचारत नाही.

ती जरा जवळ सरकली. "बाई, एक बोलू? माज्याकडं हाय एक. तुमी म्हनता अगदी तसाच."

"तुमच्याकडे?"

"म्हंजे माज्या भावाकडं. सखाकडं. नागोठन्याला."

मला पटलं! सखाच्या बापाकडेही ठासणीची बंदूक होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. ज्या घरात बंदूक, त्या घरात बंदुकीचं सामान. यात चुकलं कुठे?

"तीसचा आहे?"

"तीस पुरं."

"काळा?"

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं?" तिने मान खाली घातली. "काळाच हाय."

"अहो, मला काळाच हवाय!"

"देव पावला! लोकं नाकं मुरडतात वो."

"उंची?"

"मध्यम."

"झटके सोसेल?"

"झटक्यांचं काय इचारता? त्याचं कामच त्ये! विलेक्ट्रिकचा हाय."

मी मनात म्हटलं, असेल. हल्ली दात घासायचे ब्रश विजेवर चालतात, माउंटही निघाले असतील. या वयात प्रत्येक गोष्टीचं आश्चर्य करत बसायला त्राण कुणाला आहे?

"वापरलेला नाही ना?"

बायजाबाई ताठ झाली. "बाई! आमच्या घरानं तसलं काय नाय! कोरा हाय, कोरा!"

"रागावू नका, विचारून घेतलेलं बरं. पण आधी मी पेणला दोन-चार बघते. बघितल्याशिवाय पक्कं करायची माझी पद्धत नाही."

"बघा की! पोरीचा प्रश्न हाय. चार ठिकानी बघावं, मंगच ठरवावं. मी रैवारी घेऊन येते."

"बैठक मात्र अकराची हवी हं. नाहीतर काही उपयोग नाही."

"अकराला, अकराचीच! एक हिकडं नाय, एक तिकडं नाय!"

मिलिमीटरची एवढी काटेकोर बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पेणला विशालच्या दुकानात गेले. मुलगा चांगला, बसायला स्टूल दिलं. काउंटरवर सात माउंट मांडले. मी एकेक उचलला, चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला, नखाने कड तपासली, कडीत बोट घालून बघितलं. बोट अडकलं, साबण लावून काढलं. अर्धा तास गेला.

"आजी, बंदूक कोण चालवतं? काका?"

"नात."

त्यानंतर तो जरा अदबीने बोलायला लागला. सातवा माउंट त्याने उलटा करून दाखवला. "हा बघा. अखंड आहे आणि खाली हा खिळा. बंदुकीच्या पट्टीत एक भोक असतं, त्यात हा उतरतो. मग कितीही झटके बसू देत, सरकायची बात नाही."

"हाच! बांध!"

"पण हा पंचवीसचा आहे, आजी."

"तीसचा दे."

"तीसचा असा सोमवारी येईल. आज आहे तो दोन सुट्या कड्यांचा, बिनखिळ्याचा."

म्हणजे घरी आहे तसलाच! रविवारची स्पर्धा आणि सोमवारचा माउंट! एरवी मी आणखी चार दुकानं पालथी घातली असती. पण गुडघे म्हणाले, आता पुरे. आणि मला बायजाबाई आठवली.

"राहू दे. आमच्या शेजारणीकडे आहे. तीसचा, काळा, कोरा. इलेक्ट्रिकचा."

"इलेक्ट्रिकचा माउंट?"

"हो."

विशालने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि प्यायला पाणी दिलं.

मी पोह्याचे पापड घेतले आणि घरी आले. सुरभीचा चेहरा बघून म्हटलं, "काळजी नको. बायजाबाई आणतेय."

"बायजाआजी? माउंट?"

"सखाकडे आहे."

"आजी, ठासणीच्या बंदुकीला स्कोप कोण लावतं?"

"तू मला शिकवू नकोस. मी सगळं विचारून घेतलंय."

तरी शनिवारी ती कुंपणाशी गेलीच. मी ओटीवर वाल सोलत होते, सगळं ऐकलं.

"बायजाआजी, उद्याचं नक्की ना? तीसचाच आहे ना?"

"आग्गो, तीस पुरं झालं, आता एकतीस लागलं म्हन!"

सुरभी चिंतेत पडली. "एकतीस? मग जरा सैल होईल."

"सैल? नाय गो! लगीन झालं की व्हतो घट्ट!"

सुरभीला वाटलं, आजीची जीभ घसरली, 'बसवलं की' म्हणायचं असेल. तिने काळुराम हवालदारांना फोन केला. ते म्हणाले, "एका मिलिमीटरने काही अडत नाही. टेप गुंडाळू. मी साडेदहाला पोचतो, बसवतो आणि तसेच निघू. तुझी पाळी तीनला आहे."

रविवार उजाडला. प्रविण थर्ड शिफ्ट करून सकाळी आठला आला, "मला उठवू नका," म्हणाला आणि आडवा झाला. सून नम्रता स्वयंपाकघरात. काळुराम हवालदार साडेदहा म्हणजे साडेदहाला हजर! ओटीवर टेबल ओढलं, बंदूक टॉवेलात गुंडाळून ठेवली, पाने-पेचकस ओळीने मांडले. सुरभी ट्रॅकपँटमध्ये, पायरीवर बसून पाय हलवतेय.

ठीक अकराला सखाचा 'छोटा हत्ती' टेम्पो दारात थांबला. सखा पांढऱ्या शर्टात, डोक्याला टोपी. बायजाबाई जरीकाठी लुगड्यात, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. त्यांच्या मागे सखाचा मुलगा रितेश, खांद्याला अवजारांची बॅग. मी मनात म्हटलं, एका माउंटसाठी नारळ? पण माणसं भाविक असतात, हत्याराचा मान असतो.

"आणला का?"

"आनलाय तर!" बायजाबाई फुलली होती.

"मग द्या लवकर. सर थांबलेत."

"देऊ की! पन आदी बसू, बघू, बोलू."

"बोलायला वेळ नाही, बायजाबाई. आत्ता बसवायचाय. जेवायच्या आत निघायचं आणि तीनला पेण!"

सखा बहिणीच्या कानाशी लागला, पण त्याची कुजबुज म्हणजे भोंगा! "आक्का, ही लोकं लैच घाईत हायत. पोरीत काय खोट नाय ना?"

काळुराम पुढे झाले. पेचकस हातात. "कुठाय?"

बायजाबाईने रितेशला पाठीत ढकललं. "हा काय!"

काळुरामांनी रितेशला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बॅगेकडे. "यात आहे?"

"यात ड्रिल आहे, टेस्टर आहे," रितेश म्हणाला. "बिघडलेला फॅन कुठला?"

"फॅन?"

"आत्या म्हणाली, बाईंचा फॅन लई आवाज करतो."

काळुराम फौजेतला माणूस. एकदा हातात घेतलेला प्रश्न सोडत नाहीत. "ते राहू दे. तीसचा आहे ना?"

"तीस पुरं झालं दिवाळीत," सखा म्हणाला.

"झटका सोसतो?"

रितेशला वाटलं, आपल्या कामाबद्दल विचारतायत. "एकदाच बसलाय सर. थ्री फेजचा."

"जागचा हलला?"

"नाही ना, सर! चिकटूनच बसलो. तोच तर प्रॉब्लेम!"

सुरभीचे पाय हलायचे थांबले. तिने पेढ्यांकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी," ती सावकाश म्हणाली, "हा माउंट नाहीये. हा रितेश आहे."

बत्तीस वर्षं मी पोरांना वाक्यात उपयोग करायला लावला. इतकं सोपं आणि इतकं भयंकर वाक्य कुणी केलं नव्हतं!

"मंग बैठक?" बायजाबाईचा आवाज खोल गेला. "अकराची बैठक म्हनालात ना?"

मी टॉवेल बाजूला केला आणि पट्टीवर बोट ठेवलं. "ही बैठक. अकरा मिलिमीटर."

"आग्गो बाय! बंदूक!"

सखा दोन ढांगांत टेम्पोमागे. "बंदूक दावून लगीन लावताय व्हय?"

या गोंगाटाने प्रविण उठला. बनियनवर, डोळे चोळत बाहेर आला. "काय चाललंय?" कुणी काही सांगायच्या आत त्याने नारळ पाहिला, पेढे पाहिले, पांढरा शर्ट पाहिला, आणि त्याची झोप उडाली. "अरे, सखाकाका! या ना, या! बाहेर का उभे?" रितेशला तो ओळखत होता. चांगला मुलगा, हाताला काम, घर जवळ. दोन मिनिटांत त्याने मनातल्या मनात मांडव घातला!

"सुरभी, आत जा, साडी नेस. पाहुणे आलेत तर मॅच राहू दे आज."

सुरभी इतका वेळ हसू दाबून होती. ते हसू गेलं. ती वाद घालत नाही, तिच्या आजोबांवर गेलीय. तिने फक्त टॉवेल परत बंदुकीवर घातला आणि चारी टोकं नीट दुमडली, अंथरूण काढल्यासारखी. ते मला बघवेना.

"प्रविण, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी माउंट आणायला गेले आणि मुलगा घेऊन आले. पाहुण्यांना पोहे देऊ, माफी मागू. पोरगी जाईल."

"आणि माउंट?"

"नाही मिळाला."

"मग ती जाऊन करणार काय?"

काळुराम पेचकस पुसत बसले. पुसायला त्याच्यावर काही नव्हतं.

बोलला तो रितेश. "जुना आहे ना? त्यालाच अडकण घालू या की. मागच्या कडीला भोक पाडायचं, स्क्रू घालायचा. ड्रिल आहे माझ्याकडे." त्याच्या बोलण्यात मदतीपेक्षा सुटकेची घाई जास्त होती. साडी नेसलेली मुलगी समोर येण्याआधी त्याला काहीतरी काम हवं होतं!

"पट्टीत भोक आहेच," काळुराम उठले. "स्क्रू त्यात उतरला की झालं!"

रितेशने कडी पकडीत धरली, ड्रिल लावलं. आम्ही सगळे भोवती. प्रविण पाहुण्यांकडे तोंड करून, हातात पेढा. पण कान मागे!

"तिरपं जातंय," तो वळून न बघताच म्हणाला.

"सरळ आहे, काका."

"आवाजावरून कळतं. तेल घाल."

रितेशने खोबरेल मागितलं. प्रविणने पेढा खाली ठेवला.

"खोबरेल? भजी तळतोयस का? ... अरे, टोचा मारून घे आधी! ... असं दाबतात? ... आणि आटे कुठल्या टॅपने पाडणार? ... सरक! सरक बाजूला!"

कुणाला वाटेल, लेकीसाठी बापाला पाझर फुटला. छे हो! वाकडं काम त्याला बघवत नाही. लहानपणी समासाची रेघ वाकडी आली तर अख्खं पान फाडायचा, माझ्या पगारातल्या वह्या! आतून तो त्याची पत्र्याची डबी घेऊन आला. त्यात कापसात ठेवलेले टॅप, दागिन्यांसारखे. बनियनवरच बसला. आटे पाडले, बिनडोक्याचा स्क्रू निवडला, टोक घासलं, लावून बघितला, काढला, परत घासला. सखा टेम्पोमागून बाहेर येऊन बॅटरी धरून उभा राहिला. नम्रताने पोहे आणले ते सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ले. पाऊण तास ओटीवर कुणी लग्नाचं नाव काढलं नाही. फक्त बायजाबाई नारळ मांडीवर घेऊन बसली होती, मुलाला टोचायला आणलेल्या बाईसारखी.

"हं," प्रविण शेवटी म्हणाला. "हलून दाखवू दे आता."

साडेबारा वाजले होते आणि एसटी निघून गेली होती. सखा म्हणाला, "बसा टेम्पोत. आलोच हाय तर पोचवतो." पुढे सखा, मी आणि न बोलणारी बायजाबाई. मागे हौद्यात काळुराम, सुरभी, रितेश आणि रात्रभर न झोपलेला प्रविण.

"तू कशाला?" मी विचारलं.

"आटा धरतो का बघतो आणि परत येतो."

हायवेवर माझ्या मणक्यांत कुणी टॅपने आटे पाडत असल्यासारखं वाटत होतं. गडबला रितेश म्हणाला, "पाच मिनिटं थांबा, थंडा घेऊन येतो." रस्त्याकडेच्या एका दुकानात शिरला. दहा मिनिटांनी हसत बाहेर आला, हात रिकामे. दुकानाच्या दारात एक मुलगी उभी होती. बायजाबाईने ते पाहिलं. नारळ तिने मांडीवरून काढून पायाशी ठेवला.

पेणला सुरभीची पाळी आली. चाळीस गोळ्या, चाळीस प्राणी, प्रत्येक जातीचे दहा. सरावाच्या गोळ्यांत काळुरामांनी दुर्बिणीचा नेम जुळवून घेतला. मी मागे खुर्चीत. माझ्या शेजारी प्रविण उभा, कंपनीचा शर्ट बनियनवर चढवलेला, बटणं एक सोडून एक. सगळे लोक निशाणाकडे बघत होते. हा एकटा बंदुकीच्या मागच्या कडीकडे!

पहिली कोंबडी पडली. "हलला नाही!" प्रविण.

दुसरी पडली. "हलला नाही!"

तिसरी उभीच राहिली. "हलला नाही!" याचा आनंद तेवढाच. पंचांनी दोनदा गप्प केलं.

डुकरं बरी गेली. माझ्या सासऱ्यांना दिसायला हवं होतं! टर्कीही निभावल्या. मेंढ्यांनी मात्र घात केला. ते सगळ्यांत लांब, वारा सुटलेला आणि पोरीचे हात दिवसभराच्या तमाशाने थकलेले. दहातले चार पडले.

यादी लागली. चौघं संघात. सुरभी पाचवी. राखीव.

परतीला अंधारून आलं होतं. हवालदार गडबला उतरले. मागच्या हौद्यात मी प्रविण आणि सुरभीसोबत बसले, कारण पुढे रितेशला मध्ये बसवून बायजाबाई भावाशी त्याच्याबद्दल जे बोलत होती ते ऐकण्यासारखं नव्हतं.

"राखीव म्हणजे निवड नव्हे," प्रविण म्हणाला.

"यादीत नाव आहे ना?" मी.

"पाचवं."

बंदुकीची पेटी सुरभीच्या मांडीवर. त्याने ती ओढून घेतली, उघडली, मोबाईलचा उजेड पाडून मागची कडी बघितली. अंगठ्याने दाबली, नखाने चाचपली.

"चाळीस झटके. केसभर हलला नाही. पण पुढची कडी सुटी आहे, तिच्यामुळे मेंढ्यांना नेम खाली जातोय. अखंडच पाहिजे. पुढच्या वेळी मी सबंध ठोकळ्यातूनच काढतो."

"पुढच्या वेळी?" सुरभीने विचारलं.

तो एकदम पेटी बंद करायला लागला. खिटी लागेना.

"झोप झालेली नाही माझी," तो म्हणाला. "काहीही बोलतोय." आणि पेटी स्वतःच्याच मांडीवर ठेवून वरशापर्यंत डुलक्या घेत आला.

आता कुणाचं काय झालं ते सांगून टाकते. संघातल्या एकीला कावीळ झाली, म्हणून फेब्रुवारीत सुरभी राज्याला गेली. एकोणिसावी आली. बंदूक माळ्यावर गेली नाही, आणि कंपनीच्या ऑफिसातल्या जागेचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही. प्रविणने ठोकळ्यातून माउंट काढला. मग हवालदारांच्या दुसऱ्या शिष्यासाठी एक, तिसऱ्यासाठी एक. आता थर्ड शिफ्ट करून आला की झोपायच्या आधी घासत बसतो आणि मीच त्याच्यावर ओरडते. काळुराम हवालदार माप सांगायचं असेल तर मला फोन करत नाहीत, चिठ्ठी पाठवतात. विशालने मला पुढच्या वेळी पाहिलं तेव्हा न मागता पाणी दिलं.

रितेशचं लग्न पुढच्या मे महिन्यात गडबच्या दिपिकाशी झालं. आम्हाला आमंत्रण होतं. मी गेले, मागच्या रांगेत बसले आणि तोंड उघडलं नाही. सखा भेटेल त्याला सांगतो की वरशाला सोयरीक जुळवायला बंदूक लागते. बायजाबाई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. घरी बोलावून तिचा भाचा नाकारला म्हणे! मग एका सकाळी कुंपणावरून शेरभर कडवे वाल आले. मी सोलून उसळ केली आणि वाटीभर परत पाठवली. झालं.

राहिले मी. मला आता कुणी काही आणायला पाठवत नाही. पेण सोडाच, कोपऱ्यावर कोथिंबिरीलाही नाही. पिशवी हातात घेतली की नम्रता म्हणते, "आई, तुम्ही बसा," आणि प्रविण म्हणतो, "मी आणतो." लोकांना वाटतं, मालूबाईंना अपमान वाटत असेल. वाटायला हवा, खरं आहे. पण पाय पसरून खुर्चीत बसलं की मनात येतं, एवढ्याने भागत होतं तर हा घोळ मी वीस वर्षं आधीच का नाही घातला!